पुराणिकाची मुलगी: पंडिता रमाबाई, १८८२ ते १९२२



स्त्रीवादी विचारवंताचे विचार आयुष्यभरात कसे बदलत जातात, असा विषय मला कळवण्यात आला. एका संध्याकाळीत न मावणारा. तेव्हा मी तो एका बाईपुरता आखूड करून घेतला आहे. पंडिता रमाबाई. त्यांचे नाव काढले की आपल्याकडे दोन गोष्टींपैकी एक गोष्ट सांगितली जाते. पहिली सुधारकांच्या घरातली: संस्कृतची एवढी मोठी विदुषी, पुण्याला लाभली होती, मिशनऱ्यांनी पळवली. दुसरी चर्चमधली: अंधारात चाचपडणारा एक जीव, त्याला प्रकाश सापडला. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या वैरिणी असल्या तरी त्यांची बेतणी एकच आहे. दोघींच्या मते या आयुष्यात वळण एकच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झालेला बाप्तिस्मा. त्याच्या आधीच्या रमाबाई वेगळ्या आणि नंतरच्या वेगळ्या.

मी त्यांची पुस्तके तारखांच्या क्रमाने वाचत गेलो तेव्हा मला हे वळण तिथे फारसे दिसले नाही. वळणे होती, पण भलत्याच ठिकाणी. आणि प्रत्येक वळणावर मी एकच गोष्ट विचारू लागलो: या वेळी बाईंच्या समोर कोण बसले आहे?

हा प्रश्न मला सुचला तो त्यांच्या बालपणामुळे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरले आणि पोट भरण्याचे साधन होते पुराण सांगणे. देवळाच्या ओवरीत, नदीच्या घाटावर, पोथी सोडायची आणि जमलेल्यांना सांगायची. ज्यांनी पुराणिक ऐकले आहेत त्यांना ठाऊक आहे की पोथी तीच असली तरी सांगणे रोज वेगळे असते. समोर म्हाताऱ्या बायका आहेत की गावचे शास्त्री आहेत, हे पाहून पुराणिक थांबतो, फोडून सांगतो, दृष्टान्त बदलतो. रमाबाई ही कला आईच्या मांडीवर शिकल्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण उपासमारीने गेली. उरलेली दोन भावंडे चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, त्या तिच्या सांगण्याला दिल्या. माझे म्हणणे असे की रमाबाई शेवटपर्यंत पुराणिक राहिल्या. पोथ्या बदलल्या, श्रोते बदलले, आणि श्रोत्यांनी सांगणारीला बदलले.

१८८२ साल घ्या. १८८० मध्ये भाऊ वारला होता. बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न झाले, मनोरमा झाली, आणि पावणेदोन वर्षांच्या आत नवरा पटकीने गेला. तेवीस वर्षांची ही विधवा मांडीवरची मुलगी घेऊन पुण्यात आली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर ही मंडळी पाठीशी होती. आर्य महिला समाज निघाला. जूनमध्ये 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघाले. आज ते हातात घेतलेला स्त्रीमुक्तीचा वाचक हमखास गोंधळतो. पुस्तक बायकांना उद्देशून आहे आणि बायकांचीच कानउघाडणी करते. आळस सोडा, शिका, आपल्या पायावर उभ्या राहा, जाणत्या वयात लग्न करा, संसार नेटका करा, मुले नीट वाढवा. मराठीही अशी संस्कृतप्रचुर की ज्या बाईला ती सांगितली आहे तिला ती वाचता आली असेल की नाही, शंकाच आहे. सीता, सावित्री आहेत. पुरुषांना चार शब्द सुनावणे जवळपास नाहीच.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, म्हणजे तीन महिन्यांत, याच बाई पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देतात. तिथे दोष सरळ पुरुषांच्या पदरात घातलेला आहे. या देशातले शिकलेले पुरुष बहुसंख्येने स्त्रीशिक्षणाच्या विरोधात असतात, बाईची राईएवढी चूक पर्वताएवढी करतात, म्हणून शिक्षिका हव्यात, तपासनीस म्हणून बायका हव्यात, आणि बायकांना वैद्यकी शिकवा, कारण पुरुष डॉक्टरला न दाखवता कितीतरी बायका मरतात. सरकारशी बोलताना ही भाषा, घरातल्या बायकांशी बोलताना ती.

याला दुटप्पीपणा म्हणायचे काय? मला तसे वाटत नाही. पुराणिकाने श्रोता ओळखला, एवढेच नाही तर दोन्ही गोष्टी त्यांना त्या वर्षी खऱ्या वाटत होत्या, असे माझे वाचन आहे. आईवडिलांनी आपल्याला शिकवले, आपण शिकलो, म्हणजे मनावर घेतले तर बाई शिकू शकते, हा स्वतःच्या आयुष्यातून आलेला भरवसा 'स्त्रीधर्मनीति'त आहे. त्या पुस्तकाच्या पैशातूनच त्यांनी इंग्लंडचे भाडे उभे केले. स्वतःच्या हिमतीवर सगळे जमवलेली माणसे दुसऱ्यांना आळशी म्हणतात, हे आपण आजही पाहतो.

इंग्लंडचा काळ मी भरभर ओलांडणार आहे, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. डॉक्टर व्हायला गेलेल्या बाईंना कानाने दगा दिला. बहिरेपणामुळे वैद्यकी सुटली आणि त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्याकडे राहिल्या, शिकल्या, संस्कृत शिकवू लागल्या. तिथे एक प्रसंग घडला तो मात्र सांगायला हवा. बाई इंग्रज मुलग्यांनाही शिकवतील अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली: बाईने पुरुषांना शिकवणे बरे दिसणार नाही, मायदेशी गेल्यावर तिचे वजन जाईल. रमाबाई चकित झाल्या. हिंदुस्थानात त्यांनी भर सभेत शास्त्र्यांपुढे व्याख्याने दिली होती. त्यांच्या वडिलांनी, भावाने, नवऱ्याने कधी असे म्हटले नव्हते. नव्या धर्मात आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांना जुन्याच आवाजात बोलणारी माणसे भेटली. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली छापला गेला. त्यात ही बाई त्रैक्याच्या सिद्धान्तापासून मुलीच्या शिकवणीपर्यंत प्रत्येक मुद्द्यावर हुज्जत घालते. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असे विचारते. ब्राह्मणांच्या अधिकाराखालून निघाले ते दुसऱ्या पुरोहितांच्या अधिकाराखाली जायला नव्हे, हा त्या पत्रांचा सूर आहे. बाप्तिस्म्याने मान तुकवलेली बाई या पत्रांत मला कुठे भेटली नाही.

खरा बदल १८८६-८७ चा. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि जवळपास तीन वर्षे राहिल्या. पुढच्या वर्षाच्या फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात क्षयाने गेल्या, आणि त्याच वर्षी रमाबाईंचे इंग्रजी पुस्तक निघाले, 'द हाय कास्ट हिंदू वुमन'. आता समोर कोण आहे? अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय, देवभोळ्या, संघटना चालवणाऱ्या बायका. त्यांना बालविवाह, वैधव्य, मनूचे नियम पायरीपायरीने समजावून सांगायचे आहेत. आळशी बायका इथे दिसेनाशा होतात. बाईचे दुःख तिच्या स्वभावातून उचलून व्यवस्थेत ठेवले जाते: धर्मग्रंथ, सासर, जात, आणि चौथे, इंग्रज सरकार. मार्च १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईंना, न पटणाऱ्या नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असे सुनावले होते. रमाबाई तो निकाल पुस्तकात घेतात आणि दाखवतात की या बाबतीत साहेबाचा कायदा आणि आमचे धर्ममार्तंड एका बाजूला आहेत. एका ख्रिस्ती बाईने, ख्रिस्ती वाचकांकडून पैसे मिळवण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात ख्रिस्ती सरकारवर रोखलेले हे बोट लक्षात ठेवा.

आणि अमेरिकेत त्यांनी जे पाहिले ते लिहिले मराठीत. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त', १८८९. माझ्या मते हे त्यांचे सर्वांत मोकळे पुस्तक आहे. फ्रान्सिस विलर्ड यांच्या दारूबंदी संघटनेतल्या बायका वर्गणी कशी गोळा करतात, ठराव कसे करतात, सभा कशा चालवतात, हे बाई नवशिक्या उत्साहाने टिपतात. बायकांना मजुरी कमी मिळते हे सांगतात, काळ्या लोकांचे आणि मूळ रहिवाशांचे काय केले तेही सांगतात. १८८२ मध्ये एकेका बाईने स्वतःला सुधारायचे होते, आता बायकांनी एकत्र यायचे आहे. मात्र एक विचित्र गोष्ट झाली. व्यवस्थेचे शवविच्छेदन करणारे पुस्तक इंग्रजीत राहिले आणि संघटनेचे स्वप्न मराठीत राहिले. अमेरिकेवरचे पुस्तक पूर्ण इंग्रजीत यायला २००३ साल उजाडले. मीरा कोसंबींनी त्यासाठी किती खटपट केली ते अभ्यासकांना माहीत आहे. शतकभर मराठी वाचकाला एक रमाबाई दिसत होत्या आणि इंग्रजी वाचकाला दुसऱ्या. 'त्यांच्या विचारांत विसंगती आहे' असा जो शेरा आपण ऐकतो, त्यातला बराच भाग असा अर्धे वाचन करून आलेला आहे.

११ मार्च १८८९, मुंबई, चौपाटीजवळ शारदा सदन. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या खर्चाची हमी दिली होती, आणि संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील अशी अट होती. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. पुढच्या वर्षी सदन पुण्यात आले. इथून पुढची हकीगत शाळेच्या पुस्तकातही असते: मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात अशी ओरड झाली, 'केसरी'ने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कुणाला बोलावत नाही आणि कुणाला दारातून परत लावतही नाही. हे उत्तर कायद्याने बिनचूक आणि व्यवहारात अपुरे होते, असे मला वाटते. पंधरा-सोळा वर्षांच्या, केशवपन झालेल्या, जगात दुसरे कुणी नसलेल्या मुलीला बाईंच्या खोलीतली प्रार्थना ही नुसती प्रार्थना कशी वाटेल? ती आईची खोली होती.

त्याच १८९३ च्या मार्चमध्ये गोदूबाईंनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न केले आणि त्या आनंदीबाई झाल्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला गेला. शारदा सदनाची कल्पना, शारदा सदनात घडलेली बाई, फक्त रमाबाई वजा. पुणे शहराने वजाबाकी करूनही बाईंची कल्पना ठेवून घेतली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

या क्षणी रमाबाईंच्या समोरचा श्रोता उठून गेला होता. सुधारक ब्राह्मण पुरुष, ज्यांच्याशी त्या शास्त्राच्या भाषेत दहा वर्षे वाद घालत होत्या, ते आता ऐकत नव्हते. आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला.

मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या आल्या तेव्हा बाई स्वतः तिकडे गेल्या. त्यांनी बावीस-तेवीस वर्षांपूर्वी स्वतःच्या घरातली माणसे भुकेने मरताना पाहिली होती. त्यांना वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही. शेकड्यांनी मुली आणल्या. पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावला शारदा सदनाच्या उत्पन्नासाठी आधीच जमीन घेऊन ठेवली होती, तिथे झोपड्या उभ्या राहिल्या, आणि मुक्ती मिशन झाले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी आल्या. वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. या मुली कोण होत्या? कुणब्यांच्या, मजुरांच्या, कारागिरांच्या. त्यांच्या डोक्यावर वस्तरा फिरला नव्हता, मनुस्मृतीचा श्लोक त्यांच्या कानावर कधी पडला नव्हता. त्यांना उकिरड्यावरचे दाणे वेचताना किंवा बाईबाजाराच्या दलालाच्या हातून सोडवलेले होते. 'द हाय कास्ट हिंदू वुमन' या पुस्तकातले एकही प्रकरण त्यांना लागू पडत नव्हते. पुस्तकाच्या नावातच ज्यांना वगळले होते त्या आता दारात आल्या होत्या, आणि सदनात ज्या उच्चवर्णीय विधवांसाठी सोवळ्याचा स्वयंपाक सांभाळला होता, त्यापेक्षा या कितीतरी पटींनी जास्त होत्या.

रमाबाईंनी यावर सिद्धान्त मांडणारे पुस्तक लिहिले नाही. विचारवंताचा विचार फक्त ग्रंथात शोधणाऱ्यांना म्हणून १८९७ नंतरच्या रमाबाई रिकाम्या दिसतात. मला त्यांचा विचार केडगावच्या कामाच्या वाटणीत दिसतो. विणकाम, तेलघाणा, गाईगुरे, शेती, छापखाना. शारदा सदनाचे स्वप्न शिक्षिका आणि दाई घडवण्याचे होते. केडगावला बाई खिळे जुळवायला, बैल हाकायला शिकली. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघाले, अंध मुलींची सोय झाली. ज्या बायकांवर सुधारकांच्या सभेत ठराव होत नव्हते त्या सगळ्या. शिक्षणाने बाई सुधारेल या १८८२ च्या भरवशाच्या जागी आता आधी अन्न, मग हाताला काम, मग अक्षर, असा क्रम आला. हा क्रम माझ्या मते रमाबाईंच्या आयुष्यातला सर्वांत मोठा वैचारिक बदल आहे, आणि तो त्यांना कुणा ग्रंथाने शिकवला नाही.

त्याच १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. सरकारी प्लेग रुग्णालयात आपल्या संस्थेतल्या एका मुलीची काय अवस्था झाली, तिथे बायकांना कोण वाली आहे, हे रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात जाहीर लिहिले. प्रकरण विलायतेत पार्लमेंटपर्यंत गेले आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांना आरोप नाकारावे लागले. मिशनऱ्यांच्या पैशावर संस्था चालवणारी बाई हे करते, तेव्हा १८८७ मधले रखमाबाई-प्रकरणातले बोट अजून खाली आलेले नाही.

पुढे मात्र ते आले, हे मला मान्य करावे लागते. १९०५ मध्ये मुक्तीत धार्मिक जागृतीची लाट आली. रात्र रात्र प्रार्थना, रडणे, पापाची कबुली. युरोपीय ख्रिस्ती मंडळींनाही ते अति वाटले. रमाबाईंनी या मुलींची बाजू घेतली. एरवी ज्यांना तोंड उघडायची परवानगी नाही अशा खेड्यातल्या मुली भर सभेत उभ्या राहून बोलत होत्या, यातले बळ मला दिसते. पण १९०७ ची 'माझी साक्ष' वाचताना मन खट्टू होते. तिथे कायदा नाही, मालमत्ता नाही, सरकार नाही, संघटना नाही. बायकांच्या सुटकेचा मार्ग एकच उरला आहे, आणि तो ख्रिस्त.

'साक्षी'बद्दल आणखी एक सावधगिरी हवी. तिथे रमाबाई सांगतात की कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी हातात वेद ठेवला, पडद्यातल्या बायकांना उपदेश करण्यासाठी धर्मशास्त्रे वाचायला घेतली, आणि सगळी शास्त्रे सगळ्या बाबतीत भांडत असली तरी बाई आणि शूद्र यांना हीन ठरवण्यात एकमताची आहेत असे ध्यानात आले. हे १८८० च्या आधीचे. मग १८८२ च्या 'स्त्रीधर्मनीति'त त्याचा मागमूस का नाही? साक्षीचा साचाच असा असतो की आयुष्यातली प्रत्येक वाट शेवटच्या मुक्कामाकडे येत होती असे दाखवावे लागते. पन्नाशीतल्या रमाबाईंनी विशीतल्या रमाबाईंना थोडे शहाणे करून ठेवले आहे. चरित्रकार बहुधा 'साक्षी'वरून मागे जातात. मी म्हणेन, १८८२ ची दोन कागदपत्रे शेजारी ठेवून पुढे यावे.

शेवटची पंधरा-सोळा वर्षे बायबलच्या भाषांतराची. त्यासाठी बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. क्रूसावर संस्कृत अक्षरे मागणाऱ्या, 'स्त्रीधर्मनीति'त संस्कृताचा डोंगर रचणाऱ्या याच बाईंनी इथे संस्कृत शब्द निवडून निवडून बाजूला काढले. एक कारण धर्माचे: त्या शब्दांना हिंदू देवधर्माचा वास आहे असे त्यांना वाटे. दुसरे कारण केडगावचे: दुष्काळातून आलेल्या, नुकत्याच वाचायला शिकलेल्या बाईला ते कळले पाहिजे. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्याही त्यांच्याच मुली. वाङ्मय म्हणून ते भाषांतर मला खडबडीत वाटते. पंडिता या पदवीचा याहून पुरा त्याग मात्र मला सांगता येणार नाही. मनोरमा १९२१ मध्ये गेल्या, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. छापील ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

आता शेवटचे, आणि थोडे विषयाच्या कडेचे. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'चे दोन अंक काढले. त्यांत त्यांनी दोन बायकांची बाजू घेतली आहे. एक ख्रिस्ती झालेल्या रमाबाई: संस्कृत ग्रंथ वाचून त्यांतला पक्षपात कळल्यावर तिने धर्म सोडला यात नवल काय, असा जोतीरावांचा रोख आहे. दुसऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. त्यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक त्याच १८८२ साली, त्याच पुण्यात छापले गेले, ज्या साली 'स्त्रीधर्मनीति' निघाले. रमाबाई बायकांना दटावत होत्या तेव्हा ताराबाई पुरुषांना उभे-आडवे घेत होत्या. त्या वर्षीपुरते पाहिले तर ताराबाई पुढे होत्या, यात शंका नको. पण रमाबाईंना नंतर अमेरिकन श्रोते मिळाले, बॉस्टनचे पैसे मिळाले, स्वतःचा छापखाना मिळाला, दोन हजार मुली मिळाल्या, आणि विचार बदलायला चाळीस वर्षे मिळाली. ताराबाईंच्या पुस्तकावर टीका झाली आणि त्यानंतर त्यांनी दुसरे पुस्तक काढले नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापेपर्यंत मराठी वाचक त्यांना विसरून गेला होता. ताराबाईंचे विचार १८८२ नंतर कुठे गेले असते, हा प्रश्न मी आजच्या विषयातून वगळू शकलो नाही.